क्षारजलांतील बुडबुडे : केळीच्या खांबांवरून मिळालेला एक धडा

केळीचा घड उतरला म्हणजे खांब मागें राहतो, आणि त्याचें काय करावें हा प्रश्न रावेर-यावलकडील प्रत्येक बागाइतदारास दरसाल पडतो. कोणी तो कापून सरींतच कुजवितात, कोणी बांधावर रचून ठेवतात, तर अलीकडे कोणी त्यापासून वाख किंवा कागदाचा लगदा काढून चार पैसे मिळतात कीं काय हें पाहूं लागले आहेत. वाख यंत्रानें निघतो. त्यास सोडा लागत नाहीं. लगदा करावयाचा तर मात्र सोपटांचे तुकडे कॉस्टिक म्हणजे दाहक सोड्याच्या पाण्यांत शिजवावे लागतात. हें काम प्रथमच करणारास एक चमत्कारिक अनुभव येतो. पाणी निवलेलें असतें, चूल पेटलेली नसते, तरीहि तुकडे आंत पडतांच पाण्यांतून बुडबुडे उठूं लागतात. सोडा भेसळीचा आहे, कीं केळींतच कांहीं आहे, कीं हें पाणी आतां उतूं जाणार, असे नाना तर्क मनांत येतात.

हे बुडबुडे कशाचे असतात आणि त्यांस केव्हां भ्यावें, हें सांगण्याकरितां हा लेख लिहिला आहे. या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. आम्ही तें एकदां एका शब्दांत दिलें, आणि त्याची किंमत आमच्या पुतण्याच्या सालगड्यानें आपल्या हाताच्या कातडीनें भरली. ती हकीकत प्रथम सांगतों.

आम्ही रसायनवेत्ते नव्हे. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि सारा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. पिकांच्या पाहणीच्या नोंदी करतां करतां शेतीची जी ओळख झाली तेवढीच. पेन्शन घेतल्यावर पुतण्याच्या मळ्यांत राहतों. गेल्या पौषांत त्यानें केळीच्या खांबांचा लगदा करून पाहण्याचें मनांत आणलें. एका लोखंडी पिंपांत वीस लिटर पाणी घेऊन त्यांत एक किलो दाहक सोडा थोडा थोडा करून विरघळविला. पाणी कोमट झालें, तें निवूं दिलें, आणि मग सोपटांचे बोटभर लांबीचे तुकडे त्यांत सोडले. लागलीच तुकड्यांच्या कापलेल्या तोंडांतून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊं लागल्या.

पुतण्यास वाटलें कीं दुकानदारानें सोडा खोटा दिला. आम्ही तसलेच दोन तुकडे साध्या पाण्याच्या पेल्यांत दाबून धरले. तेथेंहि बुडबुडे आले, मात्र कमी व सावकाश. तेव्हां आम्ही निर्णय दिला कीं ही नुसती हवा आहे. अर्ध्या तासांत पिंपांतील बुडबुडे थांबलेहि. आमचा निर्णय खरा ठरला, आणि तेथेंच आमच्या चुकीचें मूळ पडलें.

तिसरे दिवशीं पिंप भरलेलें होतें, म्हणून दुसरा घाणा करण्यास घरांतील लग्नकार्याचें एक मोठें पातेलें काढलें. तें ॲल्युमिनियमचें, म्हणजे ज्यास आपल्याकडे जर्मनचें भांडें म्हणतात तसें होतें. सोडा तोच, पाण्याचें प्रमाण तेंच, तुकडेहि त्याच खांबाचे. याहि वेळीं बुडबुडे आले. परंतु ते थांबेनात. घटकाभरानें पाणी पांढुरकें दिसूं लागलें, पातेल्याच्या कडेस हात लावून पाहिला तों ती ऊन लागली. सालगडी म्हणाला, "भाऊसाहेब, परवांचे बुडबुडे थांबले होते. हे तर वाढतच चालले." आम्ही मोठ्या खात्रीनें उत्तर दिलें कीं, "अरे, ती हवा आहे. निघून जाईल." त्यानें ढवळण्यासाठीं काठी घातली मात्र, तोंच फेस एकदम फुगून कांठावर आला आणि त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत पसरला. कोणी लिंबू कापावयास धांवला. पण पुतण्याच्या बायकोनें प्रसंग ओळखून त्याचा हात मोटरच्या पाइपाखालीं धरला आणि बराच वेळ सोडला नाहीं. डॉक्टरांनीं मागाहून सांगितलें कीं त्यामुळेंच हात वांचला. डाग मात्र राहिला. त्याच वेळीं चूल पेटविण्यासाठीं काडेपेटी घेऊन एक मुलगा जवळ उभा होता. त्यानें काडी ओढली नाहीं हें आमचें नशीब. तें नशीब किती मोठें होतें, हें आम्हांस दुसरे दिवशीं कळलें.

दुसरे दिवशीं आम्ही तालुक्याच्या कॉलेजांतील रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलों, आणि पुढें त्यांनीं सांगितलेलें घरीं लहान प्रमाणावर पडताळून पाहिलें. त्याचा सारांश खालीं देतों.

बुडबुड्यांचीं कारणें

पहिलें कारण, वनस्पतींत कोंडलेली हवा. केळीचें सोपट आडवें कापून उजेडाकडे धरावें, म्हणजे आंत जाळीसारखे पोकळ कप्पे दिसतात. ते हवेनें भरलेले असतात. कडबा, ऊस, बगॅस, भुसा या सर्वांतच कमीजास्त पोकळी असते. साधें पाणी या पोकळींत सहजासहजीं शिरत नाहीं, कारण वनस्पतीच्या अंगावर मेणासारखा थर असतो. क्षारजल तो थर सोडवितें आणि आंत लवकर शिरतें. पाणी आंत गेलें कीं हवा बाहेर पडलीच पाहिजे. यामुळें साध्या पाण्यापेक्षां क्षारजलांत बुडबुडे अधिक दिसतात. ते तुकड्यांच्या कापलेल्या तोंडांतून निघतात, हळूहळू कमी होतात, आणि पोकळी भरली कीं थांबतात. त्यांत भय नाहीं.

दुसरें कारण, उष्णता. दाहक सोडा विरघळतांना स्वतःच उष्णता देतो. एक लिटर पाण्यांत १०० ग्रॅम सोडा घातला तर पाण्याचें उष्णमान सुमारें २५ अंश सेंटिग्रेडनें वाढतें. पाण्यांत नेहमींच थोडी हवा विरघळलेली असते. पाणी तापलें आणि त्यांत क्षार मिसळला कीं ती हवा त्यांत मावत नाहीं, व बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर येते. तुकड्यांतील हवाहि तापून फुगते. हेंहि स्वतः निरुपद्रवी आहे. परंतु कोणी उलट रीतीनें कोरड्या सोड्यावर पाणी ओतलें, तर सोड्याच्या ढिगांत तेवढ्याच जागीं पाणी उकळूं लागतें आणि दाहक थेंब तोंडावर उडतात. म्हणून पाण्यांत सोडा घालावा, सोड्यावर पाणी कधींहि ओतूं नये.

तिसरें कारण, फेस. वनस्पतीच्या अंगांतील मेण, तेल व राळ यांचा क्षाराशीं संयोग होऊन कांहीं अंशीं साबण तयार होतो. शिवाय रस व प्रथिनें पाण्यांत उतरतात. यामुळें नवा वायु होत नाहीं. जो बुडबुडा एरवीं वर येऊन फुटला असता तो फुटत नाहीं, इतकेंच. थोड्या हवेचा मोठा फेस दिसतो तो यामुळें. चुलीवर असतां हाच फेस उतूं जातो. याकरितां भांडें अर्ध्याहून अधिक भरूं नये.

चौथें कारण, सौम्य क्षार व आंबट रस यांची गांठ. हें नीट समजण्यास थोडा इतिहास सांगणें जरूर आहे. राखेचा खार, पापडखार, धुण्याचा सोडा हे सौम्य क्षार होत. स्कॉटलंडांतील जोसेफ ब्लॅक नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १७५४ ते १७५६ या काळांत असें दाखवून दिलें कीं, सौम्य क्षारांत एक वायु बद्ध असतो. अम्ल मिळतांच तो सुटून क्षार फसफसतो. आणि भाजलेल्या चुन्यानें तो वायु काढून घेतला म्हणजे क्षार दाहक होतो व मग अम्ल घातलें तरी फसफसत नाहीं. हा वायु म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आपल्याकडे याची कृति फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत राख पाण्यांत कालवून, गाळून, आटवून क्षार करण्यास सांगितलें आहे. अधिक तीव्र हवा असल्यास त्यांत भाजलेली चुनखडी व शंख घालावयाचे असतात, आणि तयार क्षार लोखंडी घड्यांत तोंड बंद करून ठेवावयाचा असतो.

तोंड बंद करण्याचें कारण हें कीं, दाहक क्षार उघडा राहिला तर हवेंतील तोच वायु पुन्हां ओढून घेऊन सौम्य होतो. दाहक सोड्याचे ४० भाग या वायूचे २२ भाग घेतात. डबा उघडा राहिला कीं सोडा आधीं ओलसर होतो आणि पुढें त्यावर पांढरी पापडी धरते, ती याचीच खूण. असा शिळा सोडा आंबट रसाच्या संगतींत फसफसूं शकतो, ताजा फसफसणार नाहीं. बेदाण्यासाठीं द्राक्षें पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल यांच्या पाण्यांत बुडविणाऱ्या सांगली-नाशिककडील बागाइतदारांनीं हें ध्यानांत ठेवावें. पोटॅशियम कार्बोनेट हा सौम्य क्षार आहे, आणि फुटलेल्या मण्यांचा आंबट रस त्यांत पडतो. मात्र भरपूर क्षारांत थोडें अम्ल पडलें तर वायु बहुधा निघतां निघतां तेथेंच जिरतो. अम्ल वाढत जाऊन क्षाराचें बळ निम्म्यावर आलें म्हणजे तो मोकळा सुटूं लागतो. म्हणून वापरून वापरून जुन्या झालेल्या पाण्यास फसफस आली तर क्षार खर्ची पडला असें समजावें.

पांचवें कारण, आंबणें. क्षार थोडा व हिरवा पाला फार असें झाल्यास वनस्पतींतील अम्लें क्षारास मारून टाकतात. मग एक-दोन दिवसांनीं, विशेषतः उन्हाळ्यांत, जंतूंचें काम सुरू होऊन बुडबुडे येतात. हे पहिल्या घटकेस येत नाहींत, उशिरां येतात, आणि त्यांबरोबर आंबूस किंवा कुजकट वास येतो. अशा पिंपाचें झांकण घट्ट बसविल्यास तें फुगून उडण्याचा संभव असतो.

सहावें कारण, भांडें. आमच्या घरीं जें घडलें तें हें. दाहक सोडा ॲल्युमिनियमास खातो, आणि खातांना पाण्यांतील हायड्रोजन वायु मोकळा होतो. एक ग्रॅम ॲल्युमिनियमपासून सुमारें सव्वा लिटर हायड्रोजन निघतो. पातेलें पन्नास ग्रॅम झिजलें तर साठ लिटरांहून अधिक. या क्रियेंत उष्णता निघते, उष्णतेनें क्रिया वाढते, वाढलेल्या क्रियेनें पुन्हां उष्णता वाढते. म्हणून हे बुडबुडे थांबत नाहींत, उलट वाढत जातात. हवेंत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळला तर तें मिश्रण एका ठिणगीनें पेटतें. उघड्या अंगणांत तो लवकर वर निघून जातो. परंतु बंद खोलींत, छपराखालीं किंवा झांकणाखालीं सांचला तर भडका उडूं शकतो. काडेपेटी घेतलेल्या मुलाची आठवण होऊन आमच्या अंगावर कांटा आला तो यामुळें. आमचें पातेलें रिकामें करून पाहिलें तेव्हां आंतून काळवंडलें होतें व बुडास सुईएवढीं छिद्रें पडलीं होतीं.

जस्ती बादलीचें जस्त, पितळेंतील जस्त व भांड्यांची कल्हई यांसहि दाहक सोडा खातो, जरी ॲल्युमिनियमाइतक्या वेगानें नव्हे. साध्या लोखंडास, स्टेनलेस स्टीलला किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिंपास थंड व पातळ क्षारजलानें अपाय होत नाहीं. चुलीवर शिजवावयाचें तर अर्थात् लोखंड किंवा स्टीलच हवें. लोहचुंबकावर मात्र विसंबूं नये. चुंबक जस्ती बादलीस चिकटतो, आणि चांगल्या स्टीलला पुष्कळदां चिकटत नाहीं.

ओळखावें कसें

दप्तरांत एखाद्या नोंदीचा संशय आला तर आम्ही ती दुसऱ्या कागदाशीं ताडून पाहत असूं. येथेंहि तसेंच करावें. मोठा घाणा घालण्यापूर्वीं कांचेचे दोन पेले घ्यावे. एकांत साधें पाणी व तुकडे, दुसऱ्यांत निवलेलें क्षारजल व तुकडे घालावे. मग जें भांडें वापरावयाचें त्याच्या तळाशीं थोडें निवलेलें क्षारजल, तुकडे न घालतां, ओतून अर्धा तास उघड्यावर ठेवावें. तुकडे नसतांहि भांड्याच्या अंगास बुडबुडे धरले, तर तें भांडें या कामाचें नाहीं. भांडें शांत राहिलें आणि दोन्ही पेल्यांत तुकड्यांतून बुडबुडे आले, तर ती कोंडलेली हवा होय.

सोडा शिळा आहे कीं काय हें पाहण्यासाठीं पेल्यांत चमचाभर लिंबाचा रस घेऊन त्यांत पातळ क्षारजलाचे थेंब टाकावे. फसफसलें तर सोड्यांत सौम्य क्षार झाला आहे. थेंब रसांत टाकावे, रस क्षारजलांत नव्हे. उलट केल्यास वर सांगितल्याप्रमाणें फसफस दिसतच नाहीं व परीक्षा चुकते.

या परीक्षेस अर्धा तास लागतो. आम्ही त्या दिवशीं तो अर्धा तास खर्च केला नाहीं. पहिल्या बुडबुड्यांची चौकशी केली होती, तीच दुसऱ्यांस लागू धरली. भांडें बदललें आहे ही गोष्ट डोळ्यांसमोर असून लक्षांत घेतली नाहीं.

काम करणारांनीं पाळावयाचे नियम

काम उघड्यावर, वाऱ्याच्या जागीं करावें. मुलें व जनावरें दूर ठेवावीं. डोळ्यांस चष्मा, हातांस रबरी मोजे व पायांत बंद पादत्राण असावें. क्षारजल हातास बुळबुळीत लागलें तर तें अंगावरील स्निग्धांश व कातडी खात आहे असें समजावें. आरंभीं आग होत नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये. अंगावर उडाल्यास भिजलेलें वस्त्र काढून वाहत्या पाण्याखालीं निदान वीस मिनिटें धुवावें. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ स्वच्छ पाण्यानें धूत राहावें आणि त्याच पावलीं डॉक्टरांकडे जावें. लिंबू, ताक किंवा चिंच लावूं नये. वेळ जातो व जखमेस इजा होते. पाण्यानें भरलेलें पिंप किंवा चालू पाइप जवळ असल्याशिवाय सोड्याचा डबा उघडूंच नये.

आणखी एक गोष्ट जमीनमालकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. शिजवून उरलेलें काळसर पाणी विहिरीजवळ किंवा शेतांत सोडूं नये. त्यांत सोडियम असतो, आणि सोडियमनें काळी जमीन चोपण होते, पाणी जिरत नाहीं, ढेकूळ दगडासारखें होतें. आम्ही नोकरींत असतांना सात-बाराच्या उताऱ्यांत पोटखराब्याचे आंकडे अनेकदां लिहिले. चांगल्या जमिनीचा पोटखराबा आपल्या हातानें करणें यासारखा तोट्याचा व्यवहार नाहीं. ज्याच्याजवळ हें पाणी विल्हेस लावण्याची सोय नाहीं त्यानें दाहक सोड्याच्या वाटेस न जातां यंत्रानें वाख काढावा, किंवा खांब बारीक तोडून सरींतच कुजवावा. केळीनें जमिनींतून घेतलेलें पालाश तेवढ्यानें जमिनीसच परत मिळतें.

आमच्या पुतण्यानें लगद्याचा नाद सोडला नाहीं, पण आतां त्याचें सर्व काम लोखंडी पिंपांतच चालतें, आणि नव्या भांड्याची परीक्षा झाल्याशिवाय कोणी हात लावीत नाहीं. ती परीक्षा सालगडी करतो. बुडबुडे थांबतात कीं वाढतात हें त्या दिवशीं त्यानें पाहिलें होतें, आणि तें आम्हांस सांगितलेंहि होतें. ज्याचा हात कामांत असतो त्याची नजरहि तेथेंच असते. तो कांहीं वेगळें दिसतें म्हणाला, तर मालकानें आधीं काम थांबवावें आणि मग कारण शोधावें, एवढें आमच्या अनुभवावरून वाचकांस सांगणें आहे.